चिलखताखालचा चंदेरी सूट

कपडेपटाच्या कारखान्यात तिला सगळे बारीकताई म्हणत. नवखा माणूस हे नाव ऐकून तिच्याकडे बघायचा आणि घोटाळ्यात पडायचा, कारण अंगापिंडानं ती चांगली भरलेली होती. बारीक होता तो तिचा टाका. तिनं लावलेलं अस्तर कुठून जोडलंय हे शोधायचं तर भिंगच हातात घ्यावं लागे.

कारखाना म्हणजे कागदाच्या गोदामावरची एक लांबट खोली. खिडकीकडे तोंड करून सहा शिलाई मशिनी, मधोमध कापणीचं टेबल आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली मापं घ्यायची जागा. तिसऱ्या मशीनवर ती बावीस वर्षं बसत होती. या बावीस वर्षांत तिनं राण्यांचे झगे शिवले, पोलिसांचे गणवेश शिवले. एका भुताचा अंगरखा तर तीनदा शिवला, कारण चित्रीकरण लांबलं आणि तेवढ्यात भूत जाड झालं. घरी नवरा होता, बस चालवून निवृत्त झालेला, आणि मुलगा-सून. घरात ती कामाचं फारसं बोलत नसे. विचारलंच कुणी, तर "शिवलं काहीतरी" एवढंच.

त्या वर्षी मात्र काम असं आलं, की न बोलता राहवेना. भविष्यकाळातून आलेल्या एका सैनिक स्त्रीचा सिनेमा होता. नायिका अशी, की तिचं तोंड साबणाच्या वेष्टनापासून बसच्या पाठीपर्यंत सगळीकडे दिसायचं. तिच्यासाठी चंदेरी सूट करायचा होता, एक नाही, चार. दोन मारामारीसाठी, एक जवळून चेहरा दाखवताना घालायला आणि एक तिच्याऐवजी उड्या मारणाऱ्या मुलीसाठी.

कापड म्हणजे नाठाळ प्रकरण. जाड, चकचकीत, ताणायचं नाव नाही आणि एकदा सुई टोचली की भोक कायमचं. टाका चुकला तर तो तुकडा गेलाच म्हणायचा. टाचण्या चालत नव्हत्या, म्हणून तुकडे चिमटे लावून धरायचे. कटिंग मास्तरांनी पहिला तुकडा कापण्याआधी हात धुऊन घेतले, तेव्हाच बारीकताईनं ओळखलं की हे काम नेहमीचं नाही.

पाचव्या आठवड्यात नायिका सूट घालून बघायला आली. सहाही मशिनी आपोआप थांबल्या. पडद्याआडून ती बाहेर आली आणि खोलीत उजेड पडल्यासारखं झालं. सूटचं चित्र काढून देणारा डिझायनर दोन पावलं मागं सरला, मान तिरकी करून म्हणाला, "वा! अगदी चित्रातल्यासारखं."

नायिका हसली. सवयीचं, छान हसू. बारीकताई जवळ गेली.

"मॅडम, हात वर करा बघू."

हात खांद्यापर्यंत आला आणि अडला.

"आता खुर्चीवर बसा."

नायिकेनं खुर्चीकडे पाहिलं, मग बारीकताईकडे. "नाही जमणार, मावशी."

"मग मारामारी कशी करणार? उभ्या उभ्या?"

डिझायनर मधे पडला. "ताई, चित्रात बगलेपाशी शिवण दाखवलेलीच नाही. सगळं सलग हवंय."

"चित्राला बगल नसते हो," बारीकताई म्हणाली, "बाईंना आहे."

नायिका खळखळून हसली. आधीचं हसू आणि हे हसू यांत केवढा फरक होता, तो खोलीतल्या सगळ्यांच्या लक्षात आला. मास्तरांनी उगाच टेबलावरच्या चिंध्या गोळा करायला घेतले.

"करा काय ते," डिझायनर म्हणाला. "पण दिसता कामा नये."

बगलेत कळी घालायची, म्हणजे हात हलायला जागा देणारा एक छोटा चौकोनी जोड द्यायचा. सदऱ्यात हे काम अर्ध्या तासाचं. या कापडात तिला नऊ दिवस लागले. ताणणारं मऊ कापड शोधलं, ते त्याच चंदेरी रंगात रंगवून घेतलं, तीन वेळा फसलं, चौथ्यांदा जमलं. हात खाली असला की जोड दुमडून आत नाहीसा व्हायचा. मास्तरांनी चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं आणि म्हणाले, "कुठाय?" बावीस वर्षांत त्यांच्या तोंडून तिनं ऐकलेली ही सगळ्यात मोठी शाबासकी होती.

त्या दिवशी घरी गेल्यावर बारीकताईनं सगळं सांगितलं. कळी कशी घातली ते नवऱ्याच्याच सदऱ्यावर बोट ठेवून दाखवलं. सुनेनं ते माहेरी कळवलं, नवऱ्यानं ते आपल्या जुन्या बस डेपोत पोचवलं. सिनेमा लागेपर्यंत निम्म्या गल्लीला ठाऊक झालं होतं, की सूट आपल्या बाईंनी शिवलाय.

पहिल्याच संध्याकाळी सगळं घर सिनेमाला गेलं. नवऱ्यानं इस्त्रीचा सदरा घातला होता. दिवे मालवले, संगीत दणाणलं आणि ढगांतून नायिका खाली उतरली. काळ्या-निळ्या धातूचं चिलखत, त्यावर सरकणाऱ्या पट्ट्या, पट्ट्यांतून निघणारा उजेड.

बारीकताई खुर्चीत पुढे सरकली. पुढच्या प्रसंगात असेल, असं तिला वाटलं. पुढच्या प्रसंगातही चिलखतच होतं. त्याच्या पुढच्याही.

सून कानाशी लागली. "आई, तुमचा सूट कुठाय?"

"खाली असेल," बारीकताई म्हणाली.

ते खरंच होतं. कापड होतं, टाके होते, कळीही होती. त्यावर संगणकानं चिलखत चढवलं होतं. सिनेमाही धड असता, तर एक वेळ चाललं असतं. खलनायकाला सूर्य विझवायचा होता. का, ते त्यानं चार वेळा समजावून सांगितलं, तरी कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. रडायच्या जागी लोक हसले. मध्यंतरानंतर मागची रांग उठून गेली. लढाई ऐन रंगात आली असताना कुणाचं तरी घोरणं ऐकू येऊ लागलं. ते तिच्याच नवऱ्याचं होतं.

परत येताना मुलगा म्हणाला, "आवाज मात्र चांगला होता." नवरा म्हणाला, "खुर्च्या मऊ होत्या." मग तो हळूच म्हणाला, "तू शिवलंस, ते आम्हाला माहितेय ना." तिनं मान हलवली. रडू वगैरे आलं नाही. केलेला स्वयंपाक कुणी न जेवता उठून जावं, तसं काहीसं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीत विचारणारे भेटलेच. "झाकला गेला," एवढं सांगून ती पुढे गेली. कारखान्यात डिझायनर आधीच येऊन बसला होता, चेहरा पार उतरलेला.

"ताई, चंदेरी रंग जुनाट दिसतो असं नंतर वरच्यांना वाटलं. मला कुणी सांगितलंच नाही. तुमच्यासारखंच मलाही तिथं बसल्यावर कळलं."

चार महिने त्यानंही रक्त आटवलं होतं. तिनं चहा टाकला, त्याच्यासमोर कप ठेवला आणि कालच्या अर्धवट गणवेशाच्या बाहीला हात घातला.

वर्तमानपत्रांतून सिनेमाची धूळधाण उडाली. गंमत अशी, की कथा ज्यांनी लिहिली, सूर्य विझवायचं ज्यांच्या डोक्यातून निघालं, त्यांची नावं कुणी घेतली नाहीत. सगळं खापर नायिकेच्या माथ्यावर. नुसती दिसते, म्हणाले. बाहुली आहे, म्हणाले. बारीकताईला हे खटकलं. पण का खटकलं, ते नीट सांगता येईना, कारण पहिल्या दिवशी तिनं नायिकेकडे पाहिलंच नव्हतं. तिनं फक्त सूट शोधला होता.

म्हणून सिनेमा उतरायच्या आदल्या दिवशी तिनं अर्धी सुट्टी टाकली आणि दुपारच्या खेळाला एकटीच गेली. अख्ख्या चित्रपटगृहात अकरा माणसं, त्यांतली दोन झोपलेली. या वेळी तिला शोधायचं काही नव्हतं. ती शांतपणे बघत बसली.

सिनेमा होता तितकाच वाईट निघाला. पण एका प्रसंगात नायिकेचा सोबती मरतो, तिथं बारीकताई सावरून बसली. नायिकेच्या तोंडी दिलेलं वाक्य अगदीच रद्दी होतं. नायिका ते बोलता बोलता मधेच थांबली, वाकली आणि मेलेल्या माणसाच्या कॉलरवरची धूळ झटकली. दोनदा. मग पुढचं वाक्य बोलली. पुढे ती तुटक्या पुलाला एका हातानं लोंबकळली, तेव्हा तो हात कानाला लागून सरळ वर गेला होता. वर चिलखत दिसत होतं, ते असू दे.

घरी येऊन तिनं वहीचं पान फाडलं आणि चिठ्ठी लिहिली. डिझायनरनं ती पोचवायचं कबूल केलं.

"मॅडम, सिनेमा दोनदा बघितला. सिनेमा जमला नाही. तुम्ही मात्र काम चोख केलंत. कॉलरवरची धूळ झटकलीत, ते फार आवडलं. पुलाला लटकताना बगलेत काचलं तर नाही ना? बारीकताई, तिसरी मशीन."

उत्तर आलं नाही. तिनंही वाट बघितली नाही. माणसं कामात असतात.

सात-आठ महिन्यांनी एक छोटा सिनेमा कारखान्यात आला. एका परिचारिकेची गोष्ट, कपडे मोजून पाच. मापं द्यायला नायिका स्वतः आली, बरोबर कुणी नाही, तोंडाला रंग नाही. मशिनी या वेळी एकदम थांबल्या नाहीत. चौथ्या मशीनवालीनं तर तिला ओळखलंच नाही, "ताई, चप्पल बाहेर काढा," म्हणाली. तिनं काढली.

पडद्याआड गेल्यावर ती म्हणाली, "मावशी, ती धूळ झटकायचं कागदावर लिहिलेलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं केलं. एवढ्या लोकांनी एवढं लिहिलं, कुणाला ते दिसलं नाही."

"मलाही पहिल्यांदा नाही दिसलं," बारीकताईनं खरं ते सांगितलं. "दुसऱ्यांदा दिसलं."

"दोनदा बघितलात! माझ्या आईनं एकदाच बघितला. तोही मध्यंतरापर्यंत."

दोघी हसल्या. मग बारीकताईनं गळ्यातला टेप काढला. खांदे झाले, छाती झाली. कमरेपाशी आल्यावर तिच्या ध्यानात आलं, की नायिकेनं पोट आत ओढून धरलंय, श्वास न घेता.

"सोडा," ती म्हणाली.

"सवय आहे हो, मावशी."

"असू दे. पण दिवसभर रुग्णांना उचलणारी बाई अशी उभी राहत नाही. सोडा नीट, मी थांबते."

नायिकेनं हळूहळू श्वास सोडला. टेप घट्ट झाला, तसा तो बारीकताईनं सैल सोडला. मागच्या खेपेपेक्षा दोन इंच जास्त. बारीकताईनं आकडा मोठ्यानं न वाचता वहीत लिहिला, पेन्सिल कानावर खोचली आणि विचारलं, "खिसे किती हवेत?"

"दोन," नायिका म्हणाली. "खोल. हात पूर्ण आत जायला हवा."