शिंकांचं झाड

रामनवमीला गाणार नाही, असं ह्यांनी सांगून टाकलं त्या दिवसापासून माझ्या पायाला भिंगरी लागली. सांगितलं तेही मला नाही. भजनमंडळीतल्या वडीलधाऱ्या गृहस्थांना, फोनवर, तमिळमध्ये, मी तिथंच शेवग्याच्या शेंगा तोडत बसलेली असताना. माझा अभंग दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणाले, फोन ठेवला आणि पेपर तपासायला बसले. हे शाळेत गणित शिकवतात.

बाहेरच्या माणसाला वाटेल, त्यात काय एवढं. पण आमचं घराणं कैक पिढ्यांमागं मराठी मुलखातून इकडं आलं आणि कुंभकोणमचंच होऊन गेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. महाराष्ट्रातलं कुणी आलं की आमचं जुनाट बोलणं ऐकून गालात हसतं. हसू दे बापडं. वर्षातून एकदा, गोविंदपुरम्‌च्या विठोबापुढं, आमच्या घरचा आवाज भरल्या मंडपात मराठीत चढतो. तो अभंग आधी सासरे म्हणायचे, मग हे म्हणू लागले. ह्यांच्यानंतर कोण, हे मला ठाऊक नाही, आणि तो विचार मला सहन होत नाही.

सगळं बिघडवलं शिंकांनी. दोनेक वर्षं झाली असतील. सकाळी उठले की शिंका, डोळे लाल, नाक गळतंय, घसा बसलेला. गेल्या रामनवमीला वरच्या सुरावर गेले आणि तिथंच शिंकांची माळ लागली. पुढची ओळ दुसऱ्याच कुणी उचलली. परतीच्या बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत बसले. त्यानंतर रियाज वरच्या खोलीत, दार लावून.

डॉक्टर म्हणाले, कुठल्यातरी झाडाचे पराग बाधत असणार. हातावर टोचून तपासता येतं, पण त्यासाठी गोळ्या काही दिवस बंद कराव्या लागतात, आणि परीक्षांच्या दिवसांत ह्यांना ते जमणार नव्हतं. तोवर आसपास काय फुलतंय त्याकडे लक्ष ठेवा, एवढंच ते म्हणाले. मी लगेच कामाला लागले.

मासी महिना, म्हणजे तिकडचा माघ-फाल्गुन, सरत आला होता. त्या दिवसांत आमच्याकडं काय फुलत नाही ते विचारा. आंब्याला मोहर, फाटकाजवळच्या करंजाला फुलं, देवळातली बकुळ, बसस्टँडजवळचा सोनमोहर. आधी मला त्यांचा लळा होता; आता रस्त्यानं जाताना मी प्रत्येकाकडं फौजदाराच्या नजरेनं बघायला लागले. डहाळ्या तोडून पिशवीतून घरी आणायच्या आणि हे पेपर वाचत असले की हळूच नाकाखाली धरायच्या. बकुळीला शिंकले नाहीत. मोहराला शिंकले, पण मग कढीपत्त्यालाही शिंकले, कारण तोवर माझा हात पुढं आलेला दिसला तरी ह्यांचं नाक फुरफुरायचं. नाचियार्‌कोविलला एका मुंजीला गेलो, तर भर रस्त्यात स्कूटर थांबवायला लावून मी ह्यांना एका झाडाखाली उभं केलं. येणारे-जाणारे बघत होते. हे मराठीत म्हणाले, "मला काय आता झाडाला बांधून ठेवतेस?" आमची ही एक सोय आहे, रस्त्यात भांडलो तरी कुणाला कळत नाही.

करंजाच्या फांद्या मी छाटायला लावल्या. मधमाश्या गेल्या, सावली गेली, शिंका तशाच राहिल्या. पुन्हा डॉक्टरांकडं गेले तर ते हसले. म्हणाले, ज्या झाडांची फुलं डोळ्यांत भरतात, घमघमतात, त्यांचे पराग माश्या नेतात. चिकट असतात, फारसे उडत नाहीत. जे फूल आहे हेसुद्धा तुमच्या लक्षात येत नाही, त्याच्याकडं बघा. मी कपाळावर हात मारून घेतला. मग नदीकाठच्या वेड्या बाभळीच्या मागं लागले आणि ह्यांना शाळेला लांबच्या वाटेनं पाठवू लागले. फरक शून्य. रामनवमी जवळ आली होती. जीव असा टांगणीला लागला होता की मला एका जागी बसून जेवण जाईना.

एका सकाळी मी वरची खोली झाडत होते. ही खोली मुलीसाठी बांधलेली. ती बारावीपर्यंत इथं शिकली आणि दोनेक वर्षांमागं चेन्नईला कॉलेजात गेली, तेव्हापासून खोली ह्यांची: तिथंच झोपणं, आणि गेल्या रामनवमीपासून तिथंच रियाज. खिडकीच्या कट्ट्यावर रोजच्यासारखा कोंडा पडला होता. फिक्या पिवळट रंगाचे कण आणि वर भुकटी. रोज पुसते मी तो, रोज पुटपुटते. त्या दिवशी मेलं काय सुचलं कोण जाणे, एक कण बोटावर घेऊन चष्मा लावला. त्याला तीन पाकळ्या होत्या.

मान वर केली. खिडकीपासून हातभर अंतरावर माडाचा शेंडा, आणि झावळ्यांच्या बेचक्यातून नुकतीच उकललेली पोय, सगळी फुलांनी लगडलेली. माडाला फुलं येतात हे काय मला माहीत नव्हतं? पण नारळ म्हटलं की आपल्याला फळ दिसतं, फूल कोण मोजतं! त्यातून तो बारा महिने फुलतो, म्हणून ह्यांना पावसाळ्यातही शिंका यायच्या. माड इथं होताच, पण आम्ही त्याच्या पायाशी राहत होतो. मजला चढवला आणि हे थेट त्याच्या तुऱ्याशेजारी उशी टाकून झोपायला लागले.

मी तशीच धावत खाली आले आणि म्हटलं, पाडून टाकू या तो माड. बोलले आणि जीभ चावली. मुलीला दवाखान्यातून घरी आणली त्या दिवशी सासूबाईंनी तो लावला होता. तमिळमध्ये माडाच्या रोपाला पिळ्ळै म्हणतात, म्हणजे लेकरू. आपल्या घरी दोन लेकरं आली, असं सासूबाई सगळ्यांना सांगायच्या. अजूनही चेन्नईहून फोन आला की मुलगी त्याची चौकशी करते. ह्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मी म्हटलं, बरं, राहू दे. खिडकी बंद करा आणि अंथरूण, पेटी, टाळ सगळं खाली आणा.

झोपायला हे खाली आले. पेटी मात्र वरच. खिडकी लावून गाईन म्हणाले. आता माझ्या डोक्यात राख गेली. एवढी वणवण केली, गावभर हसं करून घेतलं, आणि ह्या माणसाला चार पायऱ्या उतरून बसायला काय होतं? मी तोंडाला येईल ते बोलले. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "खाली बसलो तर तू ऐकशील. आवाज फाटतो गं माझा. तू ऐकू नयेस म्हणूनच वर जातो."

राग कुठल्या कुठं गेला आणि नुसतं रडू आलं. तरी तोंडातून निघालंच, "मग गोविंदपुरम्‌ला काय मी कानांत बोळे घालून बसणार होते?"

दुसऱ्या दिवशी पेटी समोरच्या खोलीत होती. हळूहळू शिंका कमी झाल्या, डोळे निवळले. रियाज मात्र अगदी दबक्या आवाजात, शेजाऱ्यांचं बाळ निजलंय असा. मी स्वयंपाकघरात भांडी वाजवत राहायची, म्हणजे त्यांना वाटावं की हिचं लक्ष नाही.

एका सकाळी मी डोशाचं पीठ ढवळत होते. हे वरच्या सुरावर गेले आणि आवाज चिरकला. पेटी थांबली. पुढं काहीच ऐकू येईना. मी वाट बघितली, आणि राहवेना म्हणून ती ओळ मीच उचलली. माझा गळा म्हणजे काय सांगायचं. लग्नानंतर मी देवापुढंसुद्धा मोठ्यानं म्हटलेलं नाही. तिथंच, त्याच जागी, माझाही आवाज फाटला. तरी ओळ पुरी केली. समोरच्या खोलीतून आधी हसू आलं, मग पेटी आली आणि मग ह्यांनी पुढची ओळ घेतली, मोकळ्या आवाजात.

अभंग संपला. मी तव्यावर पळी उलटी करून पीठ पसरत होते, तेव्हा ते फोनवर तमिळमध्ये बोलताना ऐकू आले. अभंग अजून कुणाला दिला नसेल तर राहू द्या, म्हणत होते. आणि मग म्हणाले, "ह्या वेळी आम्ही दोघं म्हणू."