पाटाच्या वाटेवर एकच हॉर्न

गॅलरीतल्या सायकलवर टॉवेल वाळत पडायला लागले की समजावं, सायकलचे दिवस भरले. माझ्या सायकलच्या हँडलवर नवऱ्याचे पायमोजे होते, सीटवर उशीची खोळ होती आणि मधल्या दांडीवर स्वयंपाकघरातली फडकी. जाता-येता मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. आपण जिला रोज भेटायचो तिच्याशी बोलणं तुटावं, तसं झालं होतं.

झालं होतं असं, की गंगापूर रोडला सकाळी सायकल मारत असताना एका पाण्याच्या टँकरने पाठीशी येऊन असा हॉर्न दिला की मी दचकून वळले आणि दुभाजकावर जाऊन आदळले. टँकर मला लागलासुद्धा नाही. नुसत्या आवाजाने पाडलं मला मेल्याने. खांद्यापाशी हाड मोडलं आणि हात गळ्यात आला. ते सगळे दिवस माझी वेणी नवऱ्याने घातली. ज्या माणसाने आयुष्यात कधी शर्टाचं बटण शिवलं नाही, तो सकाळी कंगवा घेऊन माझ्या मागे बसायचा आणि तीन पेडांत गोंधळून स्वतःवरच चिडायचा. वेणी वाकडीच यायची. मी तशीच मिरवली.

हाड जुळलं, पण बोटं बिघडली. कुठेही हॉर्न वाजला की ती आपोआप आवळायची. रिक्षात मागे बसलेली असले तरी मी हवेतला ब्रेक दाबायचे. कॉलनीत दोन-तीनदा सायकल काढून पाहिली आणि कोपऱ्यावरूनच ढकलत परत आणली. पुण्यातल्या मुलाने फोनवर सांगितलं, आई, विकून टाक. शेजारणीने तर भाच्यासाठी सायकल मागितलीच. तिचंही काही चुकलं नव्हतं. टॉवेल वाळत घालायला कुणी गिअरची सायकल ठेवतं का? संक्रांत झाली की सांगते, असं मी तिला म्हटलं आणि घरात येऊन रडले.

मनाशी मात्र मी ठरवलं, की जिथे गाडीच येत नाही अशा रस्त्यावर एकदा चालवून बघायची. तिथेही बोटं आवळली तर सायकल भाच्याची, विषय संपला. रस्ता मला ठाऊक होता. आदल्या वर्षी पक्षी बघायला नांदूर मधमेश्वरच्या धरणावर गेलो होतो, तेव्हाच माझा डोळा होता त्याच्यावर. पाटाच्या कडेकडेने मुरमाची वाट जाते. एका हाताला पाटाचं पाणी आणि दुसऱ्या हाताला नुसती पाणथळ, त्यात पानकणसांची बेटं. वाटेवर गुरं, गवताचे भारे आणि बाभळीची सावली एवढीच काय ती वाहतूक.

पंचवटीत भाजी उतरवून निफाडकडे रिकामा जाणारा एक टेम्पो आमच्या भाजीवाल्या मावशींनी गाठून दिला. त्यात सायकल आडवी टाकली. नवरा म्हणाला, मी स्कूटरवर मागे असतो. मला वाटलं, टेम्पोच्या मागे. माकडटोपी घालून, त्यावर हेल्मेट चढवून तो थंडीत कुडकुडत तिथवर आला आणि मी पाटावर सायकल उभी केली, तर स्कूटर माझ्या मागे लावून हा तयार. तुला कव्हर द्यायला, म्हणाला. मंत्र्याचा ताफाच जणू!

निघालो. पुढे मी, मागे फटफट करत स्कूटर. खड्डा आला की हॉर्न. वळण आलं की हॉर्न. वासरू दिसलं की दोन हॉर्न. वर पुन्हा सूचना, ब्रेक धर, डावीकडे घे, पाटाकडे बघू नकोस. माझी बोटं जी आवळली ती सुटेचनात. पाण्यात उभे असलेले शेकाटे लाल पायांसकट उडून पार पलीकडे जाऊन बसत होते आणि मला त्यांचा हेवा वाटत होता. पण खरं सांगते, तेव्हा मला वाटलं की माझंच संपलं. इतक्या मोकळ्या वाटेवरही जमत नाही म्हणजे कायमचंच गेलं ते. काय बिघडतंय, हे मला कळतच नव्हतं.

ते कळलं एका गवत कापणाऱ्या बाईला. बांधावर विळा घेऊन बसली होती. आम्ही जवळ आलो, नवऱ्याने तिच्यासाठी म्हणून एक हॉर्न दिला, तशी ती उठून उभी राहिली. वाटेवर पुढे पाहिलं, मागे पाहिलं आणि त्याला म्हणाली, "दादा, हॉर्न कोनाला मारता? वाटंला कोनी नाय."

नवरा म्हणाला, पुढे आमची मंडळी आहे ना. बाईने माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मलाही हसू आलं, आणि हसता हसता डोक्यात तिडीक उठली. अरे, जिथे गाडी येत नाही म्हणून मी एवढी लांब आले, तिथे गाडी घेऊन कोण आलंय? वाहतूक कुठे होती त्या वाटेवर? एवढा एक माझा नवराच होता वाहतूक! मागे वळून त्याला चांगलं सुनवावं म्हणून तोंड उघडलं, तोच फुस्स आवाज झाला आणि स्कूटर एका अंगाला डुलली. मागच्या चाकात बाभळीचा काटा.

या स्कूटरला स्टेपनी नाही. पंक्चरवाला फाट्यावर भेटेल, असं बाईने सांगितलं. पाटाने सरळ जायचं, पूल आला की डांबरी लागते, तिथून दुकान दिसतं. मी जातो, म्हणून नवऱ्याने माझी सायकल घेतली, टांग टाकली, दहा पावलं लडबडत गेला आणि गुडघा धरून खाली उतरला. त्याला नको होतं आणि मलाही नको होतं, पण जाणारी मीच होते. मी हेल्मेटचा पट्टा लावला. मागून त्याने काही सांगितलं असेल, मी ऐकलं नाही.

पहिल्या वळणापर्यंत मी हॉर्नची वाट बघत होते. हो, वाट बघत होते. तो आला नाही. मग चाकाखाली मुरूम करकरायला लागला. म्हणजे तो आधीही करकरत असणार, मला आता ऐकू आला. पाटाचं पाणी माझ्याच बाजूने, माझ्याच वेगाने चाललं होतं. काठावर एक पाणकावळा पंख पसरून वाळत बसला होता, आमच्या गॅलरीतल्या टॉवेलसारखा. मी जवळून गेले तरी तो हलला नाही. मला बोटांची आठवण झाली तेव्हा ती ब्रेकवर नुसती ठेवलेली होती.

पुलापाशी डांबरी लागली. तिथे मागून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या, मोठ्याने गाणी आणि त्यावरून हॉर्न. बोटं आवळली. मी कडेला सायकल थांबवली, पाय टेकला आणि ऊस जाईपर्यंत उभी राहिले. घाबरले होते, खोटं कशाला बोलू? पण पडले नव्हते. उभी होते. पुढे दुकानापर्यंत सायकल हातात धरून गेले आणि त्याची मला लाज वाटली नाही.

पंक्चरवाला सामान घेऊन मोटारसायकलवर निघाला. मागे बसा मावशी, म्हणाला. मी म्हटलं, तू हो पुढे, मी सायकलने येते. डांबरीवरचा तेवढा तुकडा मी बसून चालवला.

मी पोचले तेव्हा नवरा वाटेच्या मधोमध उभा होता, माकडटोपी हातात पिळत. पंक्चर निघालं, पंक्चरवाला गेला. मी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही आता डांबरीने धरणावर जा, तिथल्या चहाच्या टपरीपाशी थांबा, मी पाटाने येते. एकटी. तो म्हणाला, फोन करत राहा. मी म्हटलं, नाही करणार. त्याने हेल्मेट घातलं, काढलं, पुन्हा घातलं.

"तुझ्यापेक्षा मला जास्त भीती वाटते गं," तो म्हणाला. "त्या दिवशी फोन मला आला होता."

माझा सगळा राग जागच्या जागी विरघळला. इतक्या महिन्यांत हे त्याने एकदाही सांगितलं नव्हतं. वेणी घालताना मागे बसून हा माणूस काय काय गिळत होता, ते मला त्या मुरमावर उभं राहून समजलं. मी त्याच्या हेल्मेटचा पट्टा लावून दिला.

"माहीत आहे," मी म्हटलं. "पण तुमची भीती तुम्ही घेऊन जा. मला माझीच पुष्कळ आहे."

तो गेला. एकदाही वळून न बघता गेला, आणि त्याला ते किती जड गेलं असेल हे मलाच ठाऊक. स्कूटरचा आवाज लांब लांब जात पार मिटला. मग मी निघाले. उन्हं अंगावर आली होती, कांद्याच्या वाफ्यांत पाणी चमकत होतं, पानकणसांत काहीतरी खुडबुडत होतं. गवतवाली बाई भारा डोक्यावर घेऊन समोरून आली, मी घंटी वाजवली, ती बाजूला झाली आणि हात हलवून हसली. मला इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्याने बोलायला लागले. काय बोलले ते आठवत नाही.

धरणाजवळ वळले तर टपरीसमोर तो स्कूटरवर बसलेला. मला पाहिलं आणि माणसाचं भान सुटलं. हॉर्नवर अंगठा दाबला तो सोडेचना, वरातीतली गाडी असावी तसा. मग एकदम लक्षात येऊन त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि माझ्या तोंडाकडे बघत बसला. मी माझ्या बोटांकडे पाहिलं. ती सैल होती. मी घंटी वाजवली, त्याच्या हॉर्नपेक्षा लांब. त्याने डोळे पुसले आणि थंडीचं पाणी येतंय म्हणाला.

शेजारणीला संध्याकाळीच सांगितलं, भाच्याला दुसरी सायकल बघ. गंगापूर रोडवर मी अजून निघालेले नाही. तेही करीन, घाई नाही. पाटाची वाट आहे, टेम्पोवाला आता स्वतःहून फोन करतो. आणि गॅलरीत नवऱ्याने कपडे वाळत घालायला दोरी बांधली आहे. वाकडी आहे, पण टिकेल.