जहाजाचे पाच आणि अण्णाचा मंगळवार

‘‘मंगळवार म्हणाला होतात अण्णा! मंगळवार! आज वार कुठला? शुक्रवार! मेव्हण्याच्या साखरपुड्याला काय बनियनवर उभा राहू?’’

बंगळुरच्या शिवाजीनगरातल्या आमच्या टेलरिंगच्या दुकानात हा गिऱ्हाईक इतक्या जोरात ओरडत होता, की समोरच्या बसस्टँडवर दोन ड्रायव्हरांनी हॉर्नवरचा हात काढून कान इकडे लावले. माझा मोठा भाऊ, म्हणजे अण्णा, गळ्यात टेप अडकवून शंकराच्या पिंडीसारखा शांत होता.

‘‘बटणं राहिलीत फक्त,’’ अण्णा म्हणाला.

‘‘बटणंच राहिलीत हो!’’ पडद्यामागून वहिनीनं साथ दिली. ती मागच्या खोलीत काजं करायची. सव्वीस वर्षं ती हेच वाक्य त्याच सुरात म्हणत आली होती.

खरं सांगायचं तर त्या कोटाला अजून हात फुटले नव्हते. बाह्यांचं कापड खडूच्या खुणांसकट टेबलावर पसरलेलं होतं आणि मी त्यावर कोपर टेकून चहा पीत होतो.

आमच्या धंद्यात वार दोन असतात. एक सांगायचा आणि एक खरा. यात फसवणूक बिसवणूक काही नाही. गिऱ्हाईकालाही हे पक्कं माहीत असतं, म्हणून तो रविवारचा साखरपुडा गुरुवारी आहे असं सांगतो. दोन्ही बाजूंनी मन लावून खोटं बोललं की कपडा बरोब्बर वेळेवर घरी जातो. शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, पुढे माणूस सुटला तर उसवून सैल करता यावं म्हणून. त्याला आम्ही माया म्हणतो. अण्णाचा सिद्धांत असा, की वेळेलाही माया लागते आणि जगात जो कोणी वेळ सांगतो तो आत दोन-तीन तास दुमडूनच सांगतो.

ओरडणारा गिऱ्हाईक आमच्यातलाच, मराठी, तीन पिढ्या बंगळुरात मुरलेला. जयनगरला त्याचं परदेशी सहलींचं ऑफिस होतं. त्यानं रागारागानं बॅगेतला एक गुळगुळीत रंगीत कागद काढून टेबलावर आपटला. ‘‘हे बघा! सिंगापूरचं जहाज! असले वार याला सांगून बघा एकदा. स्वल्पसुद्धा थांबत नाही ते!’’

जहाजाचं नाव ऐकून वहिनी पडद्याबाहेर आली. तिनं कागदावर बोट फिरवलं आणि एका नावावर थांबवलं.

‘‘भावजी, हे पेनांग म्हणजे ते जायफळाचंच ना?’’

आता हे जायफळ प्रकरण सांगायला हवं. लग्न झाल्या वर्षी मार्केटातल्या मसालेवाल्यानं वहिनीला सांगितलं होतं, की उत्तम जायफळ पेनांगहून येतं. तेव्हापासून दर सणाला पुरणात जायफळ किसताना तिला एकच प्रश्न पडायचा, की हे लागतं कसं? लोंबतं? की भुईमुगासारखं मातीत असतं? अण्णा म्हणायचा, मातीत. मी कूर्गात वेलीवर लागलेलं डोळ्यांनी बघितलंय असं शपथेवर सांगितलं होतं. कूर्गात मी तोवर गेलोच नव्हतो. वहिनी दोघांचंही ऐकून घ्यायची आणि पुढच्या सणाला पुन्हा तेच विचारायची. दागिना मागितला नाही, साडी मागितली नाही. बाईला हे एक झाड बघायचं होतं.

तो जहाजाचा कागद आला, त्याच वर्षी अण्णानं एका मोठ्या हॉटेलच्या सगळ्या नोकरांचे गणवेश शिवून दिले होते, त्यामुळे खिसा गरम होता. ‘‘सरी, ठीक आहे,’’ तो म्हणाला, ‘‘बघून टाकू झाड.’’ तिकिटं त्या गिऱ्हाइकाकडूनच काढली. घरातलं इंग्रजी म्हणून मला बरोबर घेतलं. जायफळ केरळातही होतं, बसनं जाऊन बघून येता आलं असतं, हे मला निघायच्या महिनाभर आधी कुणीतरी सांगितलं होतं. पण मला जहाज बघायचं होतं. मी गप्प बसलो.

जहाजाचं वर्णन करत नाही, कुणी विश्वास ठेवणार नाही. एवढंच सांगतो, की एका टोकाला आंघोळीला गेलेला माणूस दुसऱ्या टोकाला जेवायला पोचेपर्यंत पुन्हा आंघोळीची वेळ व्हायची.

पेनांगच्या आदल्या दिवशी जहाजाच्या काउंटरवर गेलो. तिथल्या गोऱ्यापान अधिकारी मुलीनं सांगितलं, की जहाजाची बस आहे, माणशी इतके डॉलर, त्यात देऊळ, बाजार आणि बाटिकचा कारखाना. मी भाषांतर केलं.

‘‘कापड बघायला मी समुद्र ओलांडून आलो काय?’’ अण्णा म्हणाला. ‘‘जायफळ विचार.’’

जायफळ नव्हतं. बंदरावर उतरून स्वतःची गाडी करता येईल, ती म्हणाली, पण पाच वाजता सगळे जहाजावर हवेत, साडेपाचला जहाज सुटतं. बसनं गेलेल्यांना उशीर झाला तर जहाज थांबतं. आपापल्या गाडीनं गेलेल्यांसाठी थांबत नाही. पासपोर्ट जहाजाकडेच राहतील.

हे सगळं मी शब्दन् शब्द सांगितलं. अण्णानं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, ‘‘पाच म्हणतेय, म्हणजे सात.’’

‘‘सात नाही तरी साडेसहा,’’ वहिनी म्हणाली. आम्ही तिघंही त्या काउंटरच्या मुलीकडे कौतुकानं बघून हसलो. चांगली शिकलेली पोरगी होती, धंदा जाणणारी.

सकाळी नऊला बंदराच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलं आणि टॅक्सीवाले धावून आले. प्रत्येकाच्या हातात फोटो चिकटवलेला पुठ्ठा. त्यातला एक पिकल्या मिशांचा म्हातारा तमिळ बोलत होता. शिवाजीनगरात वाढलेल्या माणसाला तमिळ म्हणजे घरचं जेवण. अण्णाचे डोळे चमकले. इतका वेळ माझ्या इंग्रजीवर जगलेला माझा भाऊ एकदम सिंह झाला.

म्हातारा सांगत होता, की जायफळाच्या बागा बेटाच्या पाठीमागे आहेत, डोंगर ओलांडून. तास जायला, तास यायला. पैसे सगळे आधी, कारण जहाजाची माणसं संध्याकाळी घाईत पळत सुटतात आणि उरलेले पैसे बुडतात.

अण्णा म्हणाला, ‘‘माप घेताना अर्धे, कपडा देताना अर्धे. आमच्याकडे असंच.’’

‘‘इथे कपडा कुठंय?’’ म्हातारा म्हणाला.

‘‘आम्हीच कपडा. फाटकापाशी परत आणून दे, उरलेले घे.’’

त्यावरून जी जुंपली, त्या वेळात एक शेरवानी अस्तरासकट शिवून इस्त्रीही झाली असती. म्हाताऱ्यानं तीनदा गाडीत बसून दार लावलं, अण्णा तीनदा पाठ फिरवून समुद्राकडे चालू लागला. बाकीचे टॅक्सीवाले गोल करून बघत उभे राहिले, मध्येच कुणीतरी शेंगदाणे वाटले. शेवटी अर्धे आधी, अर्धे नंतर असंच ठरलं. साडेदहा वाजले होते.

‘‘अहो, झाड,’’ वहिनी म्हणाली.

‘‘आहे ना वेळ!’’

मग इडलीचा वास आला म्हणून थांबलो. मग गावातून जाताना अण्णाला एका चिनी टेलरच्या दुकानात कोट टांगलेला दिसला. ‘‘थांबव!’’ म्हणून त्यानं अशी आरोळी ठोकली, की म्हाताऱ्याला वाटलं कुणीतरी चाकाखाली आलं. अण्णा आत गेला. एकमेकांची भाषा शून्य येत होती, तरी दोघं टेलर दोन तास बोलत बसले. कॉलर उलटून बघितली, खिसे उसवून बघितले. त्या चिन्यानंही आत बोट घालून माया दाखवली आणि अण्णानं त्याला जवळजवळ मिठीच मारली. जगभर असतेच म्हणाला, बघ!

वहिनी गाडीत बसून होती. मांडीवर पर्स, पर्सवर हात. मी विचारलं, ‘‘बोलावून आणू?’’ तर म्हणाली, ‘‘असू द्या भावजी. साडेसहा आहेत ना.’’ सव्वीस वर्षं ज्या बाईनं वेळेच्या मायेच्या भरवशावर काजं केली, तिनं त्या मायेवर विश्वास ठेवायचा नाही तर कुणी?

डोंगराचा रस्ता माणसाच्या आतड्यासारखा वळत होता. मधल्या वळणावर गाडीचं इंजिन तापलं, बॉनेट उघडून म्हातारा वारा घालत बसला. बागेत पोचलो तेव्हा चार वाजायला पाच मिनिटं होती. म्हातारा मागे वळून म्हणाला, ‘‘दहा मिनिटं. त्यापुढे जहाज तुमचं नाही.’’

‘‘हा पण आमच्यातलाच,’’ अण्णा मला म्हणाला. ‘‘दहा म्हणजे चाळीस.’’

पण वहिनी तोवर उतरून धावत सुटली होती. नऊवारीचं वजन सांभाळणारी बाई अशी पळताना मी पहिल्यांदा बघितली.

झाड आंब्यासारखं, गर्द हिरवं. आणि हो, लोंबतं. पेरूएवढी पिवळट फळं, देठाला लटकलेली. मी आणि अण्णा दोघंही तिथल्या तिथे खोटे ठरलो. बागेची मालकीण एक चिनी आजी होती. तिनं आमच्या म्हाताऱ्याच्या मदतीनं सांगितलं, की फळ पिकलं की झाडावरच आपोआप मधोमध उकलतं. तिनं एका फांदीकडे बोट दाखवलं. तिथल्या एका फळाला बारीकशी चीर पडली होती आणि आतून लाल दिसत होतं. असं लाल, की आमच्या दुकानात एवढे तागे आले आणि गेले, त्यात तो रंग मी बघितला नाही.

आजीनं खाली पडलेलं एक फळ सोलून वहिनीच्या हातावर ठेवलं. आत काळसर बी, आणि बीवर ती लाल जाळी घट्ट विणलेली.

‘‘अगं बाई,’’ वहिनी म्हणाली, ‘‘ही जायपत्री! ही वेगळ्या बरणीत असते हो, मी वेगळी विकत आणते! ही तर याच्याच अंगावर शिवलेली!’’

ती जाळी तिनं डोळ्यांपाशी नेली. काजं करणाऱ्या बाईची नजर ती; टाका कुठून सुरू झाला ते शोधत होती. मग तिनं एकामागून एक विचारायला सुरुवात केली. किती वर्षांनी फळतं? सगळी झाडं फळतात? आजी म्हणाली, नाही, नराचं झाड वेगळं असतं, दहा माद्यांत एक नर पुरतो आणि त्याला फळ धरत नाही.

वहिनीनं अण्णाकडे बघितलं. ‘‘म्हणजे नुसता उभा असतो?’’

म्हाताऱ्यानं हे सांगताच आजी हसत सुटली. मग म्हाताऱ्यानं बाहेर जाऊन हॉर्न दाबला.

‘‘ते वरचं उकलतंय,’’ वहिनी म्हणाली. ‘‘किती वेळ लागेल?’’

आजीनं आकाशाकडे बघून हात हलवले. तासाभरात, कदाचित.

‘‘बसू या की,’’ अण्णा म्हणाला. ‘‘आहे वेळ.’’

तेवढ्यात म्हातारा आत आला. तो अण्णाशी बोललाच नाही. सरळ वहिनीसमोर उभा राहून त्यानं तमिळमध्ये सांगितलं, ‘‘ताई, तीस वर्षं या बंदरावर आहे. धक्क्यावर रडत बसलेली माणसं बघितलीत मी. पाच म्हणजे पाच.’’

वहिनीनं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. कपड्याची घडी उलगडून बघतात तसं. आत काही दुमडलेलं सापडलं नाही. ती उठली. फाटकापर्यंत मान मागे वळवून त्या चिरेकडे बघत चालत गेली.

परतीचा रस्ता मी डोळे मिटून केला, त्यामुळे वर्णन करू शकत नाही. फक्त एका वळणावर गाडीची दोनच चाकं जमिनीवर होती, हे मी आजही शपथेवर सांगतो. अण्णाच्या खिशात उरलेली अर्धी रक्कम होती आणि ती मिळवायला म्हातारा विमानासारखा चालवत होता. अण्णा अधूनमधून ‘‘सावकाश, सावकाश’’ म्हणत होता. 

फाटकापाशी उतरलो तेव्हा पाचला दोन मिनिटं होती. अण्णा पाकीट काढून काहीतरी बोलायला लागला. वहिनीनं ते त्याच्या हातातून घेतलं, उरलेले पैसे दिले, वर एक नोट ठेवली आणि म्हाताऱ्याला हात जोडले.

शिडीच्या तोंडाशी एक टेबल मांडलं होतं आणि तीच काउंटरवरची मुलगी उभी होती. टेबलावर तीन पासपोर्ट, शेजारी उघडा लिफाफा. आम्ही आलो नसतो तर पासपोर्ट बंदरावरच्या माणसाच्या हवाली करून जहाज निघणार होतं. वरच्या पासपोर्टमधून अण्णाचा फोटो आमच्याकडे बघत होता. ताजं फळ आत नेता येत नाही म्हणून वहिनीला हातातलं जायफळ कचऱ्याच्या डब्यात टाकावं लागलं. तिनं ते जाळीसकट टाकलं आणि बोटं हुंगली.

अण्णा मात्र जहाज खरंच कधी सुटतं ते बघायला डेकवर घड्याळ घेऊन उभा राहिला. साडेपाच वाजले आणि धक्का हलला. म्हणजे जहाज हलत होतं, पण अण्णाला धक्काच हलल्यासारखा वाटला असावा, कारण त्यानं कठडा दोन्ही हातांनी धरला.

‘‘माया नाहीच ठेवली रे,’’ तो म्हणाला. वहिनी शेजारी होती. ती पुन्हा बोटं हुंगत होती.

दोन महिन्यांनी जयनगरचा गिऱ्हाईक पुन्हा दुकानात आला, हातात सफारीचं कापड घेऊन. त्यानं पडद्याकडे तोंड करून विचारलं, ‘‘काय अक्का, दिसलं का झाड?’’

‘‘दिसलं,’’ आतून आवाज आला. ‘‘लोंबतं.’’

अण्णानं माप घेतलं, अर्धे पैसे घेतले, पावती फाडली.

‘‘कधी देणार?’’

‘‘मंगळवारी.’’

गिऱ्हाईक हसला. ‘‘काय हो अक्का? मंगळवारी ना?’’

पडदा बाजूला झाला. वहिनीच्या हातात सुई होती, दातात दोरा. तिनं दोरा तोडला, टेबलावरच्या कापडाकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, ‘‘शुक्रवारी.’’