महादेवीची काच

लातूरच्या दवाखान्यात त्या सकाळी मी उशाशी जाऊन बसलो तेव्हा महादेवीनं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "गाडी उन्हात लावली का?" मी म्हणालो, "लिंबाखाली लावलीय." तर म्हणते, "लिंबाची सावली सरकती. दुपारून बघून या. उन्हानं काच पिवळी पडती." अहमदपूरहून मी मोटारसायकलवरच गेलो होतो, पोरगा जीपमध्ये बसा म्हणत असताना. दुपारी खाली गेलो, गाडी सावलीत सरकवली, वर आलो तर नर्सबाई पडदा ओढून राहिली होती... बायको शेवटचं काय बोलली असं लोक विचारतात. गाडीच्या काचेबद्दल बोलली, असं सांगितलं की विषय बदलतात. मला त्यात काही नवल वाटत नाही. मोटारसायकलच्या पुढं वारं अडवायला जी काच बसवतात, असते प्लास्टिकचीच, ती आमच्या गाडीला महादेवीमुळं आली आणि तिच्याच म्हणण्यानं बसली.

मी गवंडी. शाळा चौथीपर्यंत. पण अहमदपुरात माझ्या हातच्या भिंती अजून उभ्या आहेत आणि एकीलाही पोट सुटलेलं नाही, हे कुणीही येऊन बघावं. महादेवीची थोरली बहीण, अक्का, नांदेडला राहते. माय लवकर गेली म्हणून महादेवीला अक्कानंच अंगाखांद्यावर वाढवलं. पुढं अक्का पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि खाटेला खिळली. तेव्हापासून महिन्याला एक फेरी ठरलेली. महादेवी जायची, अक्काच्या डोक्याला तेल लावायची, वेणी घालायची. अक्काची सून भली आहे, पण तिच्या हातची वेणी अक्काला वढल्यावानी लागायची. वेणी होईस्तोवर दोघी बहिणी बोलत बसायच्या, निम्मं कानडी निम्मं मराठी, आणि मी बाहेर बाजेवर आडवा व्हायचो. आता जायचं कसं, तर गाडीवरच. एसटी महादेवीला लागायची. वाटेतलं माळाकोळी येईस्तोवर ओकून ओकून अर्धी व्हायची, नांदेडला उतरली की अक्काच्या शेजारी हीच आडवी.

एका थंडीत तिचं तोंड वाकडं झालं. डॉक्टर म्हणाले नस सुजली, गल्लीतल्या बाया म्हणाल्या वारं लागलं. औषधानं तोंड जाग्यावर आलं, पण डावा डोळा नीट मिटायचा नाही. गाडीवर बसली की वाऱ्यानं त्या डोळ्यातून धार लागायची आणि पुढं आठ-आठ दिवस डोळा लाल. डॉक्टरांनी बजावलं, डोळ्याला वारं लागू देऊ नका, बुबुळाला फूल पडेल. हेल्मेट घातलं की तिला कोंडल्यासारखं व्हायचं. मी गॉगल आणून दिला तर हसून हसून खाली बसली. "या वयात गॉगल लावून अक्काच्या दारात उतरू? ती म्हणंल, कोण आली गं ही नाटकातली?" मी म्हणालो, मग राहा घरी. पण संध्याकाळी नांदेडहून फोन आला, अक्का विचारत होती, कधी येतीस... हिनं "येते की" म्हणून फोन ठेवला आणि तवा चुलीवर तसाच तापत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी एकटा नांदेडला सलीमच्या दुकानी गेलो. सलीम गाड्यांचे सीटकव्हर शिवतो, काचा बसवतो. त्याच्याकडं एक काळी, बुटकी काच होती, लई देखणी. पोरं तीच लावतात. मला ती आवडली, खोटं कशाला बोलू. पण अशी काच नुसती पोटाला आडोसा देते. सलीमनं मला गाडीवर बसवलं आणि एक पांढरी, मोठी काच पुढं धरली. म्हणाला, "चाचा, काच का काठ नाक के सामने आना. काच में से नै देखना, काच के ऊपर से देखना. बारिश में, रात में, ऊपर से दिखता." ते मला पटलं. मोठी काच घेतली. बसवून देतो म्हणाला, तर मी म्हणालो, ठेव तुझे पाने. जन्मभर उभ्या भिंती बांधल्या, मला एक काच उभी करता येत नाही का?

घरी आणून अंगणात बसवली. ओळंबा सोडून बसवली. एका सुताचा फरक नाही, भिंतीसारखी ताठ उभी. गल्लीतले बघून गेले, मला बरं वाटलं. त्या फेरीला मी पुढं बसलो तर काय सांगू, छातीला वारं नाही, तोंडाला वारं नाही, जणू घरात बसून गाडी चालवतोय. लोह्याला चहाला थांबलो, मागं वळून बघितलं तर महादेवीनं पदर तोंडात धरलेला आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी. "आवं, तुमचं वारं समदं मला येऊन राहिलंय की!" मी म्हणालो, "असं कसं येईल? काचेनं अडवलंय." ती म्हणाली, "तुमच्यापुरतं अडवलंय."

त्यावर आमचं लई दिवस वाजलं. मी म्हणायचो, भिंत वारं अडवते, हे काय आज ठरलंय का. ती म्हणायची, अडवती आन् मागं आणून टाकती. मधला एक महिना फेरी चुकली. फोनवर अक्काची सून सांगायची, डोक्याला हात लावू देत न्हाईत, केसाचा गुंता झालाय, मावशी आल्यावरच इंचरणार म्हणतात. महादेवी ऐकायची आणि फोन माझ्या कानाला लावायची.

एका सकाळी मी दात घासत होतो तर ही सुपात भुसा घेऊन अंगणात उभी. बाहेरून वारं सुटलेलं. म्हणाली, "या इकडं. तुमच्याच भिंतीला इचारू." आमच्या अंगणाची भिंत माझ्याच हातची. तिच्यावर चढून, म्हणजे खाली बाज ठेवून, महादेवीनं वाऱ्याच्या बाजूनं मूठभर भुसा सोडला. भुसा भिंतीवरून उडाला आणि अंगणापार जावा तर भिंतीच्या आडालाच गरगर फिरून माझ्या ओल्या तोंडावर येऊन बसला. "उपणायला कोणी भिंतीमागं बसतं का?" ती वरून म्हणाली. "बाईमाणूस हाय, खळ्यावर जल्म गेला. वाऱ्याला भिंत नगं, वाट पायजे." मी तोंड धुतलं. ओळंबा खोटा नाही, भिंतीसाठी तो आजही खरा आहे. पण चहा पिऊन मी म्हणालो, चल, साडी बदल.

नांदेडला सलीमनं काच बघितली आणि डोक्याला हात लावला. "चाचा, गाडी पे दीवार बांधे क्या?" महादेवी म्हणाली, "मी तेच म्हणून राहिले, बाबा." मग त्यानं लांब पट्ट्या लावून काच मागं कलती केली आणि खाली दिव्याच्या वर चार बोटं फट ठेवली. मी विचारलं, फटीतून वारं आत येईल की. महादेवीच बोलली, "येऊ द्या. थोडं तुमच्या छातीला लागंल, मंग माझ्यावर कमी पडंल. वाटणी व्हावी." सलीम हसून नट खाली पाडून बसला. जुन्या साडीची एक चिंधी तिनं बरोबर आणली होती. ती तोंडासमोर धरून मागं बसायची, आम्ही रस्त्यावर एक चक्कर मारायचो, परत येऊन काच थोडी कलवायचो, परत चक्कर. चिंधी फडफडायची. असं करता करता एका चक्करीला माझ्या पाठीवर धपाटा बसला. "थांबा! बास. हितंच आवळा." वळून बघितलं तर चिंधी तिच्या नाकासमोर सरळ लोंबत होती आणि डोळा कोरडा.

त्यानंतर एकही फेरी चुकली नाही, दवाखान्यात जाईपर्यंत. काच पुसायची तर साध्या पाण्यानं, मऊ फडक्यानं, आणि पुसायची तिनंच, मी नाही, असा तिचा नियम. रॉकेलच्या बोळ्यानं एकदा कोपरा मी धुरकट केला होता, ते तिनं जन्मभर उकरून काढलं.

तिला माती दिली तेव्हा अक्काला आणता आलं नाही. महिना झाला तसा पोरगा म्हणाला, "अप्पा, गाडी इकून टाका, या वयात कुठं जाणार?" मी काच पुसली आणि नांदेडला निघालो. माळाकोळीच्या पुढं मोकळं लागल्यावर माझ्या पाठीला गार वारं लागायला लागलं. पुढून नाही, मागून. सदरा पाठीला चिकटायचा, मानेवरचे केस उडायचे. मी गाडी थांबवून मागं बघितलं. वारं तर समोरचं होतं. परत निघालो तर परत तेच... कोणीतरी मागून ढकलल्यासारखं. नांदेडला सलीमला सांगितलं. त्यानं काचेच्या पट्ट्या हलवून बघितल्या. मग हळू म्हणाला, "चाचा, इत्ती बडी काच के पीछे हवा घूम के आतीच. पैले चाची बैठती थी, तो उनकी पीठ पे आती थी. आपको कैसे मालूम पडता?" काच छोटी करून देतो म्हणाला, बंद होईल. मी म्हणालो, राहू दे.

अक्काच्या खोलीत गेलो. सुनेनं बाज ओढून दिली. अक्का भिंतीकडं तोंड करून पडली होती, केस मोकळेच. मला वेणी येत नाही. मी तेलाची बाटली सुनेच्या हातात दिली आणि म्हणालो, हळू हातानं घाल, वढू नको. अक्कानं यावेळी डोकं बाजूला घेतलं नाही. वेणी झाल्यावर ती माझ्याकडं वळली. आम्ही आलो की दारातच ती महादेवीला जे विचारायची आणि महादेवी हसून "न्हाई गं" म्हणायची, तेच तिनं मला विचारलं.

"वारं लागलं का वाटंनं?"

सदऱ्याची पाठ अजून गार होती.

"न्हाई अक्का," मी म्हणालो. "काच हाय की."