फाटकात आडवी स्कूटर

आमच्या घरमालक सरांइतकं चिडून साहित्यावर प्रेम करणारा माणूस अख्ख्या बारामतीत दुसरा निघायचा नाही. संमेलनाला काही माणसं ऐकायला जातात, काही मिरवायला जातात, बरीचशी जेवायला जातात. सर संतापायला जातात. इस्त्रीचा सदरा घालून ते निघाले की काकू दारातून म्हणतात, "बीपीची गोळी घेतली का? तितं कुणीतरी भाषण करणारच."

मी मूळचा भंडाऱ्याकडचा. नववीत शाळा सुटली आणि पोटामागे फिरत इथल्या एमआयडीसीतल्या एका कॅन्टीनात पोळ्या लाटायला आलो. सरांच्या मागच्या खोलीत राहतो. शिकलेल्या माणसांत मला अजूनही घाम फुटतो. सरांनी मला पहिल्यांदा सोबत नेलं, तेव्हा मी चपला सभागृहाच्या दाराशी काढल्या होत्या. सर म्हणाले, "घाल त्या. हे देऊळ न्हाय. देवळात माणसं गप बसत्यात." मराठीचे मास्तर म्हणून निवृत्त झालेत, बोलतात शुद्ध; पण राग आला की त्यांची भाषा थेट शेताच्या बांधावर जाऊन उभी राहते. आणि राग तर आलेलाच असतो. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरचा 'राखीव' लिहिलेला कागद ते घडी घालून खिशात ठेवतात आणि खुशाल तिथंच बसतात. सत्काराची शाल अंगावर आली की खांदा झटकून विचारतात, "मला थंडी वाजती का?" कुणी "मी दोनच शब्द बोलणार आहे" म्हणून सुरुवात केली आणि पाहुण्यांच्या नावांतच गुंतून पडला, की सर उभे राहून टाळ्या वाजवायला लागतात. बिचाऱ्या श्रोत्यांना वाटतं भाषण संपलं, तेही वाजवतात, आणि वक्ता खरंच खाली बसतो.

पण त्यांचा खरा दावा कवींवर. आपली कविता झाली की कवी उठतो, शाल काखेत मारतो आणि गाडी गाठतो. शेवटच्या माणसाला ऐकायला उरतो फक्त मंडपवाला, तोही खुर्च्या मिटत मिटत. "लगीन हाय का हे," सर म्हणतात, "अक्षता पडल्या की पळायला?" मलाही पूर्वी यात हसू यायचं. आता येत नाही.

कारण मागच्या हिवाळ्यात इंदापूरच्या मेळाव्यात तो शेवटचा माणूस मीच होतो. आईबरोबर धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, गुडघाभर चिखलात उभं राहून रोपांची रोवणी केली त्यावर मी चार पानं लिहिली होती. आयोजकांच्या मागे लागून लागून सरांनीच मला वेळ मिळवून दिला. माझं नाव यायला आणि अध्यक्षांसकट सगळे उठायला एकच गाठ पडली. ही कसली रीत? मी कॅन्टीनात शेवटच्या कामगाराला ताट वाढल्याशिवाय तवा उतरवत नाही, आणि ही एवढी मोठमोठी प्राध्यापक मंडळी!

मी व्यासपीठाच्या पायरीवरच थांबलो. सर जवळ आले. "तू माईक धर. कोण जातंय ते मी बघतो," म्हणाले, आणि तेही बाहेर गेले. मी माईकपाशी जाऊन पानं उघडली.

थोड्या वेळानं अध्यक्ष परत आत आले. पाठोपाठ दोन प्राध्यापक, मग कवींचा सगळा घोळका. सगळ्यांची तोंडं लाल. सरांनी आपली जुनी स्कूटर फाटकात आडवी लावली होती आणि चावी सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली होती. "पोरगं वाचतंय," ते म्हणे प्रत्येक गाडीला सांगत होते, "ऐकून या, मंग जावा." एक प्राध्यापक बसता बसता ओरडले, "असली माणसं आत सोडताच कशाला?" असली माणसं! ज्यानं त्याच तालुक्यातल्या शेळगाव-कळसच्या पोरांना आयुष्यभर कविता शिकवल्या, त्याला! ते आठवलं की पोळी लाटता लाटता माझं लाटणं अजून थांबतं.

त्या रागातच मी वाचायला लागलो. आधी सगळे मोबाइलमध्ये होते. आई बांध धरून चिखलातून वर चढते तिथं आलो, तेव्हा अध्यक्षांचा मोबाइल मांडीवर उतरला. मग कुणी हललं नाही. टाळ्या थोड्याच वाजल्या, पण त्या माझ्या होत्या.

मी धावत फाटकाशी गेलो. सर स्कूटरला टेकून उभे होते.

"ऐकलं का त्यांनी?"

"ऐकलं, सर. आणि तुम्ही?"

"मी कुठं? मी हितं हुतो की." त्यांनी आतल्या खिशातून चावी काढली. "हितवर आवाज येत न्हाय, लेका."

परतताना शेळगावला चहाला थांबलो, तेव्हा मी पानं काढली. सरांनी हात आडवा केला. "ठेव. हाटेलात न्हाय. फुडल्या बारीला खुर्चीत बसून ऐकतो. रीतसर."

पुढची बारी आलीच नाही. फाटक अडवणाऱ्याला कोण बोलावणार, आणि त्याच्या पोळ्या लाटणाऱ्या भाडेकरूला तर नाहीच नाही. यंदा सरांचा डावा कान गेला. काकू मला हळूच म्हणतात, "वाचून टाक रं आता घरातच." पण पानं हातात घेतली की सर म्हणतात, "थांब, येतंय बोलावणं." मी बरं म्हणतो, आणि हल्ली त्यांच्या उजव्या बाजूला बसतो.