येरवडा ते हिंजवडी, व्हाया पाचशे चाळीस अंश

रविवारी सकाळी आठला आम्ही येरवड्याहून निघालो, मी आणि माझी मुलगी प्रज्ञा. आमच्याकडून हिंजवडीला जायला दोन बस, एक रिक्षा आणि भरपूर सोशिकपणा लागतो. बायकोने थालीपिठांचा डबा आणि बामची बाटली दिली. बाटली कुणासाठी, ते सांगितलं नाही.

प्रज्ञा आयटी कंपनीत आहे. सुट्टीच्या दिवशी ती चाकं लावलेल्या फळीवरून रॅम्पवर (दोन्ही टोकांना उभ्या होत जाणाऱ्या लाकडी उतारावर) चढते. भिंत संपली की हवेत उडायचं, दीड फेरी घ्यायची आणि त्याच भिंतीवरून खाली यायचं, याला 'फाइव्ह-फोर्टी' म्हणतात. त्यासाठी ती आठ महिने आपटत होती. आता हिंजवडीतली ती जागा बिल्डरने घेतली होती आणि सोमवारी रॅम्प पाडणार होते.

"पण मी कशाला?" मी बसमध्ये विचारलं.

"माझे मित्र कशालाही टाळ्या वाजवतात, बाबा. झालं की नाही, ते तुम्ही सांगायचं."

मी तीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये भूमिती शिकवली आणि अर्धा मार्क कुणाला फुकट दिला नाही. मला ही स्तुतीच वाटली.

कंडक्टरने आम्हाला आयटी पार्कच्या भलत्याच फेजला उतरवलं. रविवारी तिथे काचेच्या इमारती आणि त्यांच्या सावलीत झोपलेली कुत्री, बाकी कुणी नाही. शेवटी एक रिक्षा सापडली. "हिंजवडी गावात येणार का?" मी विचारलं.

"गाव होय?" रिक्षावाला म्हणाला. "बसा, राहिलंय तेवढं दाखवतो."

रॅम्पशेजारी एक बाई चहा-भजी विकत होत्या. भजी उत्तम, चहात साखर मात्र पाहुण्याला घालतात तेवढी.

"तुमची पोरगी हाय का ती?" त्यांनी विचारलं. "लई पडती. पर रडत न्हाई."

हे खेळाडू फेऱ्या मोजत नाहीत, अंश मोजतात. दोन फेऱ्या म्हणजे सातशे वीस, अडीच म्हणजे नऊशे. नऊशे पहिल्यांदा कुणाला साधले तेव्हा जगभर गाजले म्हणे. एवढी शिस्त असलेला खेळ वाईट असणार नाही, असं माझं मत झालं. प्रज्ञाने मला, ती उडणार होती त्या भिंतीच्या समोरच्या काठावर उभं केलं.

पहिल्याच उडीत ती फिरली आणि उभीच खाली आली. मित्रांनी टाळ्या वाजवल्या. तिने माझ्याकडे पाहिलं.

"पाचशे," मी म्हणालो. "वरचे चाळीस फळीने भिंतीवर घासून केले."

"काका, अहो चाळीसच तर कमी आहेत," एक मित्र म्हणाला.

"चाळीस अंशांनी पूल चुकला तर समोरचा काठ लागत नाही."

प्रज्ञाने नुसती मान डोलावली आणि पुन्हा चढली. या वेळी ती अशी पडली की हेल्मेटचा आवाज भजीवाल्या बाईंपर्यंत गेला. मी खाली धावलो. तिने हातानेच मला परत काठावर पाठवलं. सरळ सांगतो, मला भीती वाटली. आपण ते चाळीस अंश सोडले असते तर काय बिघडलं असतं, असंही वाटलं.

ती तिसऱ्यांदा भिंत चढू लागली आणि मी डोळे गच्च मिटले.

टाळ्या ऐकून उघडले. ती फळीवर उभी होती, माझ्याकडे बघत.

"पूर्ण," मी म्हणालो.

परतीच्या बसमध्ये औंधपर्यंत तिने उरलेली थालीपिठं संपवली. मग म्हणाली, "तुमचे डोळे मिटलेले होते."

"तुला काय माहीत?"

"वरून दोनदा दिसलात. दोन्ही वेळा मिटलेलेच."

मी खजील होऊन खिडकीबाहेर पाहत राहिलो. मग तिकिटाच्या पाठीवर आकृती काढली. चढताना तिची पाठ माझ्याकडे. अर्ध्या फेरीला तोंड, पूर्ण फेरीला पुन्हा पाठ, आणि दुसऱ्यांदा तोंड थेट दीड फेरीला. म्हणजे मी दोनदा दिसायचं तर पाचशे चाळीस व्हायलाच हवेत.

तिकीट तिच्या हातात दिलं. तिने ते नीट पाहिलं, शेवटी एक मोठी बरोबरची खूण केली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. येरवडा येईपर्यंत मी खांदा एक अंशही हलवला नाही.