बर्फावर उतरणारा नंदू

नंदू गेल्याचा फोन आला तेव्हा मी रोह्यात वालाच्या शेंगा सोलत बसले होते. सकाळचे नऊ वाजले असतील. आमचे हे धाटावच्या कारखान्यातून रात्रपाळी करून नुकतेच आले होते. फोनवर नंदूच्याच कंपनीत विमान चालवणारा त्याचा पंजाबी मित्र होता. ‘दीदी’ म्हणाला आणि रडायलाच लागला. मला रडू आलं नाही, राग आला. दीड महिना झाला, तो राग अजून उतरलेला नाही.

नंदू माझा धाकटा भाऊ. आमच्या वडिलांचं आयुष्य पेणच्या खाडीकाठी मिठागरात गेलं आणि त्यांचा हा मुलगा कॅनडाच्या पार उत्तरेला आठ-दहा माणसांची विमानं चालवायचा. रस्ताच नाही अशी तिकडची गावं. पीठ, टपाल, आजारी माणूस, सगळं विमानातून. धावपट्टी कधी दाबलेल्या बर्फाची, कधी गोठलेलं तळंच. हिवाळ्यात विमानाला चाकांऐवजी लांब फळ्या लावतात आणि ब्रेक असून नसल्यासारखा, हे तो कौतुकाने सांगायचा.

पहिला अपघात त्याने सहा महिने लपवला. सुट्टीत पेणला, आईच्या रामवाडीच्या घरी जेवताना सहज म्हणाला, विमान जरा घसरलं होतं. ‘जरा’ म्हणजे किती, हे काढून घ्यायला मला दोन दिवस लागले. उतरताना आडवा वारा लागला, विमान बर्फावर गोल फिरलं, कडेच्या ढिगात घुसलं आणि एक पंख मोडला. आतले पाचही प्रवासी चालत बाहेर आले. आईने सगळं ऐकलं, त्याच्या पानात भात वाढला आणि म्हणाली, “आता पुरे. हितं ये.” तो “व्हय” म्हणाला. त्याचं ‘व्हय’ म्हणजे ‘नाय’, हे लहानपणापासून माहीत असून आम्ही फसलो.

मग दर वर्षी ‘हा एकच हिवाळा’. इकडे विमान शिकवायची नोकरी ठरत आली होती, तीही त्याने लांबवली. फोनवर मी भांडायचे आणि हा उत्तर द्यायचं सोडून मला शिकवत बसायचा. ढगाळ दिवशी बर्फावर सावली पडत नाही, आभाळ कुठे संपलं आणि जमीन कुठे लागली ते कळत नाही. म्हणून आधी एक फेरी मारून वरून झाडाच्या फांद्या टाकायच्या; त्या काळ्या दिसल्या की उंचीचा अंदाज येतो. मी विचारलं, “आणि फांद्या दिसल्या नाहीत तर?”

“मग परत फिरायचं, ताई.”

फिरला नाही. त्या पंजाबी मित्राने नंतर सांगितलं, फांद्या टाकल्या होत्या, पण वाऱ्याने उडणाऱ्या बर्फाखाली त्या झाकल्या गेल्या. तरी तो उतरायला गेला आणि जमीन त्याच्या अंदाजाआधीच आली. विमानात तो एकटाच होता. माल काय होता, म्हणून मी त्या मित्राला विचारलं. टोमॅटो, दूध आणि लहान मुलांचे डायपर. तीन तासांनी आभाळ उघडलं आणि तसाच माल घेऊन दुसरं विमान सुखरूप उतरलं. तीन तास! तेवढ्यात त्या गावाचं काय अडणार होतं? भेटायला येणारे म्हणतात, लोकांसाठी जीव दिला हो त्याने. मी चहाचं निमित्त करून आत जाते.

आई रामवाडीतच आहे, रोह्याला यायला तयार नाही. मागच्या सुट्टीत नंदूने न्हाणीघरात तिला धरायला स्टीलची दांडी बसवली. मिस्त्री बोलावू म्हटलं तर ऐकलं नाही. स्वतःच ड्रिल घेऊन बसला, दोन टाइल्स फोडल्या आणि दांडी तिरकी बसवली. मी काय म्हातारी झाले, म्हणत आई तेव्हा तिला हातही लावायची नाही. परवा मी मिस्त्रीला घेऊन गेले, म्हटलं एकदाची सरळ करून टाकू. आई न्हाणीघराच्या दारातच उभी राहिली.

“राहू दे गो. वाकडी हाय, पन हलत नाय.”

मिस्त्रीने तरी आत जाऊन, दोन्ही हातांनी धरून ती ओढून पाहिली. खरंच हलली नाही.